तुवालूवर अभ्यासटिपण कसे तयार करावे

प्रशांत महासागरातील तुवालू या देशाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक मजकूर एकाच वाक्यात आटोपतो: समुद्राची पातळी वाढते आहे आणि हा देश बुडणार आहे. हे विधान खोटे नाही. पण त्यावर प्रकल्प, व्याख्यान किंवा लेख उभा करायला गेले की दुसऱ्याच परिच्छेदात सांगण्यासारखे काही उरत नाही. पुढील पद्धत भूगोल, अर्थशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि या विषयावर प्रथमच लिहिणाऱ्या पत्रकारांसाठी आहे. समुद्रपातळीचा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घ्यावा, असा तिचा आग्रह आहे. आधी पिण्याचे पाणी, मग जमीन, मग पैसा आणि त्यानंतर माणसांची ये-जा समजून घ्यावी, कारण वाढणारा समुद्र तुवालूच्या माणसांपर्यंत याच चार वाटांनी पोहोचतो.

आधी मोजमाप

वहीच्या पहिल्या पानावर देशाचे माप लिहून ठेवावे. नऊ बेटे, एकूण जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० ते ११ हजारांच्या घरात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पाव भाग डोळ्यांसमोर आणला की जमिनीचा अंदाज येतो. मात्र त्या जमिनीभोवती तुवालूच्या हक्काचे जे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातील मासे व इतर साधनसंपत्ती फक्त तुवालूची आहे असा समुद्र, ते महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. जमीन नखाएवढी आणि समुद्र अफाट, ही विषमता पुढच्या प्रत्येक प्रकरणात भेटणार आहे. ब्रिटिश अमलात ही बेटे ‘एलिस बेटे’ म्हणून ओळखली जात आणि शेजारच्या गिल्बर्ट बेटांना प्रशासकीयदृष्ट्या जोडलेली होती. १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाला आणि २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

येथेच एक पथ्य पाळावे. शेजारच्या देशांच्या कहाण्या तुवालूच्या खात्यात टाकू नयेत. फॉस्फेटच्या खाणीने भूमी पोखरली गेली ती नाऊरूची, अणुचाचण्यांचे क्षेत्र झाली ती मार्शल बेटे, आणि फिजीत जमीन विकत घेतली ती किरिबाटीने. घाईने केलेल्या टिपणांत ही सरमिसळ नेहमी आढळते, आणि परीक्षकाचा विश्वास तिथेच उडतो.

देशाच्या आतही फरक करावा. राजधानी फुनाफुतीमध्ये देशातील साठ टक्क्यांच्या आसपास लोक राहतात, आणि त्यांतील बहुसंख्य फोंगाफाले या एका पट्टीवर, जी काही ठिकाणी अवघी २० मीटर रुंद आहे. नानुमिआ, वैतुपू किंवा नुकुलैलै येथील जीवन निराळे आहे. म्हणून कोणताही आकडा किंवा प्रसंग टिपताना तो कोणत्या बेटाचा, हे त्याच ओळीत लिहावे.

पाण्यापासून सुरुवात

तुवालूत नदी नाही, ओढा नाही, आणि त्याचे कारण बेटांच्या घडणीत आहे. प्रवाळद्वीपे कशी तयार होतात याविषयी डार्विनने मांडलेला सिद्धान्त तपासण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुतीवर मोहिमा पाठवून भोक पाडले. ते १,११४ फूट खोल गेले, तरी खाली प्रवाळांपासून बनलेला चुनखडकच लागत राहिला. असल्या सच्छिद्र भूमीत पावसाचे पाणी पृष्ठभागावर वाहतच नाही. ते सरळ खाली मुरते.

मुरलेल्या पाण्याचे काय होते, हे शब्दांत लिहिण्याआधी बेटाचा उभा छेद काढून पाहावा. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि त्याचा आकार भिंगासारखा, मध्ये जाड व कडांना निमुळता असतो. हिशेबाने समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत ते असायला हवे. प्रत्यक्षात भरती-ओहोटीच्या हेलकाव्यांनी दोन्ही पाणी मिसळत राहते, त्यामुळे भिंग बरेच पातळ असते, आणि अरुंद पट्टीवर तर ते जेमतेमच बनते. वरून लाट जमिनीवर चढली, विहिरीतून उपसा जास्त झाला किंवा किनारा आत सरकला, तरी परिणाम एकच: पाणी मचूळ होते. कोकणात खाडीकाठच्या विहिरींचे जे होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फुनाफुतीत त्यात शौचकूपांचा पाझर आणि घरांजवळच्या डुक्करवाड्यांची घाण मिसळते, म्हणून तेथे भूजल पिण्याच्या उपयोगाचे राहिलेले नाही. लोक छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवतात आणि तेच पितात.

आता कागदावर एक हिशेब मांडावा. एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळते. फुनाफुतीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. १०० चौरस मीटरचे छप्पर धरले, तर वर्षाकाठी तीन लाख लिटर पाणी येते, म्हणजे दिवसाला आठशे लिटरच्या वर. एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी ‘तुवालूत पाण्याची टंचाई नाही’ असा निष्कर्ष काढील. पण टाकी १०,००० लिटरची असेल आणि सहा माणसांचे कुटुंब माणशी रोज ५० लिटर वापरत असेल, तर पाऊस थांबल्यापासून जेमतेम तेहेतीस दिवसांत ती कोरडी पडते. येथे पाऊस वर्षभर कमी-अधिक प्रमाणात येत राहतो, त्यामुळे साठवण लहान असली तरी एरवी निभावून जाते. तो रुसला की मात्र हाताशी दुसरा साठा नसतो.

२०११ मध्ये नेमके हेच घडले. ला निन्याच्या, म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागातील पाणी थंड होण्याच्या, प्रभावाने पाऊस महिनोन्‌महिने ओढ देऊन बसला आणि सप्टेंबरच्या अखेरीस सरकारने आणीबाणी जाहीर केली. फुनाफुतीत एका कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या पाण्यावर भागवावे लागले, आणि न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या विमानातून निःक्षारीकरणाची यंत्रे आणावी लागली. त्या दुष्काळात समुद्र कोणाच्या घरात शिरलेला नव्हता. तुवालूच्या अलीकडच्या इतिहासातील एक मोठे संकट पाणी नसल्यामुळे आले होते, ही गोष्ट टिपणात ठळक यायला हवी. यंत्राने पाणी गोडे करता येते, पण यंत्राला वीज लागते, वीज मोठ्या प्रमाणावर डिझेलवर बनत आली आहे, आणि डिझेल जहाजाने येते. पर्यावरणाचा प्रश्न आयातबिलाचा प्रश्न कधी होतो, ते अशा साखळीतून दाखवावे.

जमिनीचे छायाचित्र वाचणे

फुनाफुतीत उधाणाच्या भरतीला जमिनीतून बुडबुडे येत पाणी वर उमटते आणि घरांभोवती गुडघाभर तळे साचते. अशी छायाचित्रे जगभर छापली जातात, आणि बहुतेक लेखक ती थेट ‘बुडणाऱ्या देशाचा पुरावा’ म्हणून वापरतात. छायाचित्र वापरायला हरकत नाही, पण त्याला आधी काही प्रश्न विचारावेत: ही कोणत्या महिन्याची भरती आहे, पाणी काठावरून आले की जमिनीतून, आणि या जागी पूर्वी काय होते?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वर्षातील सर्वांत मोठी उधाणे साधारणपणे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतात, आणि त्या काळातील चित्र वर्षभराचे चित्र नसते. दुसऱ्याचे उत्तर सच्छिद्र चुनखडकात आहे, म्हणूनच काठावर भिंत बांधून हे पाणी अडत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासात शिरल्याशिवाय मिळत नाही. भोक पाडणाऱ्या त्याच मोहिमांच्या काळातील नोंदींवरून दिसते, की फोंगाफालेचा मधला सखल भाग तेव्हा दलदलीचा होता. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्य तेथे उतरले आणि जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी त्याने धावपट्टी बांधली. भरावासाठी बेटावरच ठिकठिकाणी खड्डे खणून प्रवाळ काढला गेला. युद्ध संपले, सैन्य गेले आणि खड्डे राहिले. सात दशके त्यांत भरतीचे पाणी व गावाचा कचरा साचत होता, काठावर माणसे झोपड्या बांधून राहत होती, आणि २०१५ च्या सुमारास न्यूझीलंडच्या मदतीने लगूनमधील, म्हणजे प्रवाळबेटांनी वेढलेल्या पाण्यातील, वाळू आणून ते बुजवले गेले. दरम्यानच्या काळात राजधानी म्हणून इतर बेटांवरून लोक आले तशी वस्ती या सखल भागावर पसरली. आज तेथे साचणारे पाणी हे वाढलेल्या समुद्रपातळीचे आहे, तसेच जुन्या दलदलीचे आणि तिच्यावर झालेल्या वस्तीचेही आहे. यातील एकच कारण सांगणारा लेख अर्धवट राहतो, मग ते कोणतेही कारण असो.

यापुढे अभ्यासकाला एक अडचणीचा आकडा भेटेल, आणि तो टाळू नये. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तुवालूच्या नऊ बेटांतील सुटे तुकडे वेगळे मोजून १०१ लहान-मोठ्या बेटांची हवाई व उपग्रह छायाचित्रे तपासून दाखवले, की १९७१ ते २०१४ या काळात देशाची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली. हवामानबदल नाकारणाऱ्यांनी हा आकडा उचलून धरला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ प्रवाळाच्या कामकाजात आहे: जिवंत खडक सतत वाळू व खडी तयार करतो, लाटा ती काठावर आणून टाकतात आणि बेटाचा आकार बदलत राहतो. ऑक्टोबर १९७२ मधील बेबे चक्रीवादळाने फुनाफुतीच्या पूर्व काठावर प्रवाळाच्या खडीचा १८-१९ किलोमीटर लांबीचा बांध एका फटक्यात उभा केला होता. मात्र क्षेत्रफळ वाढले म्हणजे उंची वाढली असे नाही, भिंगातले पाणी गोडे राहिले असेही नाही. आणि जी वाळू निर्जन बेटावर साचते, तिचा राजधानीतल्या घराला उपयोग नसतो. शिवाय ही वाळू पुरवणारा प्रवाळ तापत्या समुद्रात कसा टिकणार, हा प्रश्न उरतोच. आकडा द्यावा आणि तो काय मोजतो, हेही लगेच सांगावे.

जमिनीच्या प्रकरणात पुलाका विसरू नये. अळूच्या कुळातील हे दांडगे कंदपीक खोल खड्ड्यात, थेट भिंगाच्या पाण्याच्या पातळीवर लावतात आणि वर्षानुवर्षे पालापाचोळा घालून त्याची माती तयार करतात. अशा खड्ड्यात एकदा खारे पाणी शिरले, की पिढ्यांनी जोपासलेले पीक पिवळे पडून कुजते. मग तांदूळ, पीठ, साखर आणि डबाबंद मांस यांची आयात वाढते, आणि त्याबरोबर मधुमेह व स्थूलता. आरोग्यावर वेगळे प्रकरण लिहिण्यापेक्षा ते येथेच, खड्ड्याच्या काठावर लिहिलेले बरे.

पैसा कोठून येतो

तुवालूला स्वतःचे चलन असे नाही. व्यवहार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये होतात. खोबऱ्याखेरीज नाव घेण्यासारखी निर्यात नाही आणि पर्यटक मोजकेच. तरीही सरकार चालते, कारण त्याने हातात असलेल्या प्रत्येक वेगळ्या गोष्टीचे भाडे वसूल करायला शिकून घेतले आहे. यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे समुद्र. कोकणात कुपा नावाने विकला जाणारा मासा ज्या कुळातला, त्या ट्यूनाच्या मासेमारीसाठी परदेशी जहाजांना दिवसाच्या हिशेबाने परवाने विकले जातात. ‘नाऊरू करारा’तील देश, म्हणजे ज्यांच्या पाण्यात हा ट्यूना मिळतो ती शेजारची राष्ट्रे, हे दर एकत्र बसून ठरवतात. एकेकट्याने सौदा केला असता तर मोठ्या मासेमारी कंपन्यांनी त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवले असते. दुसरे भाडे इंटरनेटवरील ‘.टीव्ही’ या नामविस्ताराचे. योगायोगाने देशाच्या वाट्याला आलेली ही दोन अक्षरे जगभरच्या चित्रवाहिन्यांना हवीहवीशी वाटली. आणि तिसरा आधार म्हणजे १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटन यांच्या साहाय्याने स्थापन झालेला विश्वस्त निधी, ज्याचे मुद्दल न मोडता केवळ अतिरिक्त परतावा अर्थसंकल्पाकडे वळवला जातो. छोट्या देशांच्या अर्थव्यवहारात इतकी शिस्त क्वचित दिसते, असे माझे मत आहे. नाऊरूच्या फॉस्फेटचा पैसा कसा उधळला गेला, हे शेजारी ठेवून पाहिले की त्याचे मोल कळते.

उत्पन्नाच्या तक्त्यासोबत हवामानाचा तक्ता ठेवावा. ट्यूना पाण्याच्या तापमानाप्रमाणे जागा बदलतो. एल निन्योच्या, म्हणजे ला निन्याच्या उलट पाणी तापण्याच्या, वर्षांत तो पूर्वेकडे, तुवालू-किरिबाटीच्या पाण्यात येतो, आणि ला निन्याच्या वर्षांत पश्चिमेकडे सरकतो. म्हणजे ज्या वर्षी पाऊस दगा देण्याची शक्यता असते, त्याच वर्षी माशांकडूनही कमी अपेक्षा ठेवावी लागते. समुद्र तापत गेला तर हे मासे कायमचे पूर्वेकडे, कोणत्याच देशाच्या मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्रात सरकतील असे अंदाज आहेत. तसे झाले तर जमीन एक इंचही न गमावता तुवालूचा महसूल घटेल.

दरडोई उत्पन्नाचा आकडा मात्र जपून वापरावा. परवान्यांच्या पैशामुळे तो बरा दिसतो, आणि काही अंशी त्याच्या आधारे २०१२ मध्ये तुवालूला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर काढण्याची शिफारस झाली होती. ती अमलात आली नाही, कारण आर्थिक व पर्यावरणीय असुरक्षिततेच्या निर्देशांकात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकांवर आहे. एक चक्रीवादळ काय करू शकते, ते मार्च २०१५ मध्ये दिसले: पॅम वादळाचा डोळा कित्येक शे किलोमीटर दूर होता, तरी त्याच्या लाटांनी देशातील जवळपास निम्म्या लोकांना घरे सोडायला लावली.

माणसांची ये-जा

तुवालूचे लोक हवामानामुळे आता कोठे बाहेर पडू लागले, असे लिहू नये. वैतुपूच्या लोकांनी १९४६ मध्ये फिजीतील किओआ बेट विकत घेतले आणि पुढच्या वर्षापासून तेथे वसाहत केली. पुढे शेकडो माणसे नाऊरूच्या खाणीत राबली. अमातुकूच्या सागरी प्रशिक्षण संस्थेतून निघालेले खलाशी परदेशी मालवाहू जहाजांवर काम करून घरी पैसे पाठवत राहिले. २००२ पासून न्यूझीलंडने वर्षाला ७५ जणांना स्थायिक होण्याची वाट उघडली. यावर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला फालेपिली करार आला, जो ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा, शिकण्याचा व काम करण्याचा परवाना मिळतो. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून आठ हजारांहून अधिक नावे नोंदवली गेली.

हा आकडा सनसनाटी आहे, म्हणून तो शांतपणे वाचावा. नाव नोंदवणे म्हणजे देश सोडणे नव्हे, आणि परवाना मिळालेल्याला परत येण्याची मुभा आहे. पण दरवर्षी लोकसंख्येच्या अडीच-तीन टक्के माणसे, त्यातही शिकलेली व कमावती, बाहेर गेली तर शाळेत शिक्षक आणि दवाखान्यात परिचारिका कोण उरणार, हा विकासाचा खरा प्रश्न आहे. कराराची दुसरी बाजूही वाचावी: संरक्षणविषयक बाबतीत तुवालूला अन्य देशाशी संबंध जोडायचे तर ऑस्ट्रेलियाची संमती लागते. त्यावर तुवालूत टीका झाली. त्याच करारात समुद्राने जमीन गिळली तरी तुवालूचे राष्ट्रपण कायम राहील, हे ऑस्ट्रेलियाने मान्य केले आहे.

आता समुद्रपातळी

इतके झाल्यावर समुद्राच्या आकड्यांना अर्थ येतो. गेल्या तीस वर्षांत तुवालूभोवतीची पातळी सुमारे १५ सेंटीमीटरने वाढली आहे, आणि ‘नासा’च्या २०२३ मधील अंदाजानुसार २०५० पर्यंत देशाची बरीचशी जमीन व महत्त्वाच्या सुविधा आजच्या भरतीच्या पातळीखाली येतील. १५ सेंटीमीटर म्हणजे हाताची पुरती एक वीतही नाही. भिंगाच्या कडेला, पुलाकाच्या खड्ड्यात आणि जुन्या दलदलीवरच्या घरात ती वाढ किती मोठी ठरते, ते आधीच्या प्रकरणांतून वाचकाला कळलेले असेल.

उपायांविषयी लिहिताना भाषण आणि काम वेगळे ठेवावे. २०२१ मध्ये साइमन कोफे या मंत्र्यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून ग्लासगोच्या हवामान परिषदेला उद्देशून केलेले भाषण सर्वांना आठवते. त्याच सुमारास तुवालूने अँटिग्वा व बारबुडासह छोट्या बेटराष्ट्रांचा एक आयोग स्थापन केला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या आयोगाच्या विनंतीवरूनच आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये हरितगृह वायूंचे उत्सर्जन हे समुद्राचे प्रदूषण ठरते, असे मत दिले. फुनाफुतीत लगूनमधील वाळू उपसून ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी उंच जमीन २०२३ अखेर तयार झाली आहे, आणि ३.६ चौरस किलोमीटर भराव घालण्याची दीर्घकालीन योजना मांडली गेली आहे. या भरावांचे कौतुक करताना त्यासाठी लागणारी वाळू, उपशाचा लगूनवर होणारा परिणाम आणि परक्यांच्या निधीवरचे अवलंबन, हे तीन मुद्दे तपासावेत.

भारताची जोड द्यायची असेल, तर लक्षद्वीपची द्यावी. तीही प्रवाळद्वीपे, तेथेही भिंगातलेच पाणी, आणि त्या पाण्याला पूरक म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या तापमानातील फरकावर चालणारा निःक्षारीकरण प्रकल्प उभा राहिला. जमीन ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोक ६४,४७३, म्हणजे दाटी तुवालूपेक्षा कितीतरी जास्त. पण लक्षद्वीपचा माणूस कोचीच्या जहाजात बसतो तेव्हा त्याला परवाना लागत नाही. तुवालूच्या नागरिकाला तेवढ्यासाठी दुसऱ्या देशाशी करार व्हावा लागतो, आणि त्यानंतर सोडतीत नाव निघावे लागते.